मातीत गाजर कोण ठेवतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पाच-सहा वर्षांच्या वीस मुलांचा वर्ग आहे, त्यांना जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्या शिकवायच्या आहेत, आणि हाताशी एक उन्हाची खिडकी व चार-पाच कुंड्या आहेत. तुम्ही दोन गोष्टी करून पाहिल्या. आधी गाजरांचे वरचे तुकडे पाण्याच्या बशीत ठेवले. त्यांना पानं फुटली, पण मुलं रोज "गाजर कधी येणार?" विचारत राहिली आणि गाजर काही आलं नाही. मग मुलांचा विरस नको म्हणून विकत आणलेली गाजरं कुंडीतल्या मातीत खोचून मुलांना उपटायला दिली. मुलं खूश झाली, पण एका मुलीने विचारलं, "रात्री मातीत गाजर कोण ठेवतं?" आता तुम्हाला हवंय ते एवढंच, की कोणती भाजी लावली म्हणजे मुलांना हे नीट समजेल.

भाजीचं नाव एका शब्दात सांगता येईल: मुळा. त्यातही छोट्या, गोल, लाल जातीचा. त्याची कारणं पुढे देते. पण बरीच वर्षं लहान मुलांबरोबर मातीत हात घातल्यावर मला वाटतं, की तुमची अडचण भाजीच्या निवडीत नाही. त्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त होता. तिने जे पाहिलं त्यावरून दुसरं काही निघतच नाही. काल कुंडीत नुसती माती होती, आज तिच्यात अख्खं गाजर आहे, तर मधे कोणीतरी ते ठेवलं असणारच. टोमॅटोचं तसं नसतं. फूल गळतं, तिथे मण्याएवढं हिरवं फळ धरतं, ते मोठं होतं, लाल होतं, आणि मूल येता-जाता हे सगळं बघतं. गाजराचं सगळं वाढणं मातीआड होतं आणि मुलाच्या हाती फक्त शेवट येतो. तेव्हा आपल्याला दाखवायचाय तो हा मधला भाग.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. बहुतेक मुलांना, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मोठ्या माणसांनाही, असं वाटतं की मूळ माती खातं आणि माती खाऊन फुगतं. दिसायला तसंच दिसतं ना! चारी बाजूंनी माती, मधे गाजर. म्हणून आपण मुलांना मूळ दाखवतो आणि पानांकडे त्यांचं लक्षच जात नाही, उपटताना धरायची मूठ एवढीच त्यांना पानांची ओळख. माझ्या मते या वयात एकच गोष्ट मुलांपर्यंत पोचली तरी पुरे: मातीखालचं गाजर वरच्या पानांनी भरलेलं असतं. पान उन्हात अन्न तयार करतं, रोजच्या खर्चातून उरलेलं खाली पाठवतं, आणि तिथे ते साठत जातं. गाजर ही त्या झाडाची शिदोरी आहे, त्याने स्वतःच्या पुढच्या प्रवासासाठी बांधून ठेवलेली.

हे तुमच्यासाठी सांगते, मुलांसाठी नाही. माती खाऊन झाड वाढतं की नाही हे १७व्या शतकात यान व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने वजन करून पाहिलं होतं. त्यांनी सुमारे ९० किलो कोरडी माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि सव्वादोन किलोचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोचं झालं, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती जेमतेम ५०-६० ग्रॅमनेच कमी भरली. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापला गेला. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तो अर्धवट होता, कारण झाडाचा सुका भाग मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. पण मातीने झाडाला जवळजवळ काहीच वजन दिलं नाही, हे त्यांनी चोख दाखवलं. माती झाडाला उभं राहायला जागा देते, पाणी धरून ठेवते आणि चिमूटभर क्षार पुरवते. ते चिमूटभर असले तरी त्यांच्यावाचून झाडाचं चालत नाही, पण गाजराचं अंग भरतं ते त्यांनी नव्हे. हे तुमच्या मनात पक्कं असलं की "मूळ मातीतून अन्न घेतं" हे वाक्य तोंडून निघणार नाही. "मूळ मातीतून पाणी पितं" म्हणा. तेवढ्याने फार फरक पडतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलं चार वर्षांची असतील तर तीन-चार आठवडे म्हणजे त्यांच्यासाठी अनंतकाळ; सहा वर्षांची असतील तर ती निभावतात. खिडकीत रोज सहा तासांच्या आसपास थेट ऊन येत नसेल तर पाला वाढेल आणि खाली दोरा राहील. हवा फार तापलेली असेल तर मुळा लवकर फुलोऱ्यावर येतो आणि खाली नीट भरत नाही. तीव्र उन्हाळ्याचे दिवस असतील तर हा प्रयोग पुढे ढकला. तोवर बटाट्याचं आणि ओल्या कागदावरचं काम करता येईल, ते खाली सांगितलंय.

मुळाच का? तो तीन ते पाच दिवसांत उगवतो आणि छोट्या गोल जाती चार आठवड्यांच्या आत-बाहेर तयार होतात. गाजर उगवायलाच दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत वेळ घेतं, आणि तयार व्हायला अडीच-तीन महिने. एवढा वेळ पाच वर्षांच्या मुलाला सुरुवात लक्षात राहत नाही. शिवाय गाजराचं बी अगदी बारीक, मुलांच्या बोटात धरवत नाही, तर मुळ्याचं बी चांगलं टपोरं असतं. बीटही चांगलं, पण ज्याला आपण बीटचं बी म्हणतो तो खरं तर अनेक बियांचा एकत्र चिकटलेला गोळा असतो. एका जागी दोन-तीन रोपं उगवतात आणि "मी तर एकच टाकलं होतं" अशी तक्रार सुरू होते. मोठ्या मुलांना हीच तक्रार शिकायला उपयोगी पडते, लहानांचा मात्र गोंधळ होतो.

आणि मुळ्याचं नावच मुळी मूळ. आपल्या भाषेने हे काम सोपं करून ठेवलंय. "मुळा म्हणजे काय? मूळ!" हे मुलांना आपोआप सापडू द्या. आपण सांगायची घाई करू नये.

पेरण्याआधी एक काम नक्की करा. प्रत्येक मुलाला कागद द्या आणि "मुळा मातीत कसा असतो, कसा वाढतो, ते काढ" एवढंच सांगा. काही मुलं मातीखाली सुटे मुळे काढतील, वर पानं नाहीतच. काही छोटा मुळा, मधला मुळा, मोठा मुळा असे काढतील, जणू तो जन्मतःच गोल होता. या चित्रांत काहीही दुरुस्त करू नका, ती जपून ठेवा. एक महिन्याने तेच चित्र पुन्हा काढायला सांगायचंय, आणि काय शिकवलं गेलं ते तुम्हाला त्या दोन कागदांतून कळेल. मी बाकी कसल्याच चाचण्या घेत नाही.

माती भुसभुशीत हवी, पंधरा सेंटिमीटर तरी खोल. खडे वेचायचं काम मुलांना द्या, ती त्यात रंगून जातात, आणि ते कामही खरं आहे. वाढत्या मुळाच्या टोकाला खडा आडवा आला किंवा टोक दुखावलं तर बाजूची मुळं जोर धरतात आणि दोन पायांचं गाजर तयार होतं. याच कारणाने मुळा, गाजर यांची रोपं एका जागेवरून काढून दुसरीकडे लावायची नसतात. जिथे वाढायचं तिथेच बी टाकायचं. बी साधारण एक सेंटिमीटर खोल, म्हणजे मुलाच्या करंगळीच्या नखाएवढं. गुलाबी, निळा, हिरवा असा भडक लेप असलेलं बी आणू नका. तो बहुधा बुरशीनाशकाचा असतो, आणि या वयात हात तोंडात जातातच.

आता या सगळ्या पद्धतीचं मर्म सांगते. दोन ओळी पेरा. एक "वाढायची ओळ" आणि दुसरी "बघायची ओळ". मुलाने बी पेरलं की दुसऱ्या दिवशी त्याला ते उकरून बघायचं असतं, आणि आपण आजवर सगळ्यांना "हात लावू नका, मरेल" असं सांगत आलो. तिथेच आपण मधला भाग त्यांच्यापासून लपवतो. उकरून बघायची इच्छा हीच तर शिकायची इच्छा आहे. म्हणून बघायच्या ओळीत भरपूर, निदान तीस बिया टाका, आणि दर तीन-चार दिवसांनी त्यातलं एक रोप मुलांसमोर उपटा. मुळासकट हलकेच धुवा, पांढऱ्या कागदावर ठेवा, भोवतीने पेन्सिल फिरवून त्याचा आकार काढा, शेजारी कितवा दिवस ते लिहा. दिवस मोजायला दोऱ्यात रोज एक मणी ओवायचा. आकड्यांपेक्षा ती माळ लांब होताना मुलांना काळ जास्त कळतो.

हे कागद भिंतीवर ओळीने लावत गेलात की जी गोष्ट कुंडीत कधीच दिसली नसती ती दिसू लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरा दोरा आणि घडी घातलेली दोन पानं. दहाव्या दिवशी पानं उघडलेली, हिरवीगार, मधून खरबरीत खरी पानं डोकावतायत, आणि खाली? अजून दोराच. इथे मुलं हमखास निराश होतात, "मुळा आलाच नाही". इथेच थांबून विचारायचं, "मुळा नाही आला, मग एवढे दिवस झाड काय करत होतं?" कोणीतरी म्हणतंच, "पानं". हे उत्तर मुलांकडून आलं पाहिजे. दोन आठवड्यांच्या आसपास दोरा वरच्या बाजूला किंचित जाड होतो, लालसर होतो, आणि नीट पाहिलं तर त्याची बाहेरची पातळ साल उभी तडकलेली दिसते. आतलं अंग भरायला लागलं म्हणून जुनी साल पुरेनाशी होते. अंगाला न पुरणाऱ्या झबल्याची गोष्ट मुलांना लगेच कळते. त्यानंतर मात्र दर चार दिवसांनी गोळा डोळ्यांत भरण्याइतका वाढलेला असतो. आधी पानं, मग मुळा. हा क्रम भिंतीवर नजरेसमोर असला की सांगायला फार काही उरत नाही.

एक बारीक खुलासा, तुमच्या माहितीसाठी. गोल मुळ्यातला फुगलेला भाग सगळाच्या सगळा मूळ नसतो. त्याचा वरचा मोठा भाग हा मूळ आणि पहिली दोन पानं यांच्या मधल्या देठाचा असतो. म्हणूनच तो वर गुळगुळीत असतो आणि बारीक तंतू फक्त खालच्या शेपटीला येतात. बीटचंही तसंच. पाच वर्षांच्या मुलांसमोर मी हे काढत नाही. एखाद्याने "याला वर केस का नाहीत?" असं विचारलं तर मात्र खरं ते सांगावं, टोलवू नये.

वाढायच्या ओळीत रोपं दाट ठेवू नका. उगवल्यावर आठवड्याभरात विरळणी करा, म्हणजे मधली जादा रोपं काढून टाका आणि दोन रोपांत चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. मुलांना हे जिवावर येतं. मी एक कुंडी मुद्दाम दाट ठेवते, तिची विरळणी करत नाही. महिन्याने दोन्ही कुंड्या उपटल्या की एकीत गोळे आणि दुसरीत दोरे निघतात, आणि पुढच्या वेळी मुलं स्वतःहून विरळणी मागतात.

याहून महत्त्वाची तुलना उन्हाची. एक कुंडी खिडकीत, दुसरी त्याच दिवशी पेरलेली, तेवढंच पाणी मिळणारी, पण खोलीच्या आतल्या कोपऱ्यात. कोपऱ्यातली रोपं लांब, फिकट, लटपटती होतात आणि खाली काहीच भरत नाही. माती तीच, पाणी तेच. मग कमी काय पडलं? या प्रश्नावर मुलांना भरपूर वेळ द्या. काही जण पानं खुडून हाच प्रयोग करतात. त्यातून उत्तर अधिक ठसठशीत मिळतं, पण लहान मुलांना पानं ओरबाडायला लावणं मला आवडत नाही आणि त्यांनाही ते खुपतं. कोपरा पुरेसा आहे.

प्रत्यक्ष मूळ वाढताना बघायचं असेल तर दोन सोपे उपाय आहेत. पहिला, पारदर्शक प्लास्टिकची बाटली वरून कापून तिच्यात माती भरायची, तळाला भोकं पाडायची, बी अगदी भिंतीला लागून टाकायचं, आणि बाटली थोडी कलती ठेवायची, बी ज्या बाजूला आहे ती बाजू खाली करून. मूळ सरळ खाली जाऊ पाहतं, त्यामुळे भिंतीला टेकून वाढतं. बाटलीभोवती काळा कागद गुंडाळून ठेवायचा, बघायच्या वेळीच काढायचा, कारण मुळं उजेडापासून दूर वळतात आणि उघड्या बाटलीत ती मातीत आत शिरतात. तो कागद काढण्याचा क्षण मुलांसाठी फार मोठा असतो. मीही दर वेळी वाकून बघतेच.

दुसरा उपाय, डबीत ओला टिपकागद आणि त्यावर मुळ्याच्या दहा-बारा बिया. दोन-तीन दिवसांत अंकुराभोवती पांढरी लव दिसते. पुष्कळ जण ती बुरशी समजून डबी फेकून देतात. ती मूलरोमं असतात, पाणी शोषणारे मुळाचे केस. ओळखायची खूण अशी: लव फक्त मुळावर, टोकाच्या थोडं मागे, चारी बाजूंनी सारखी असते, आणि पाण्याचा फवारा मारला की मुळाला चिकटून जवळजवळ दिसेनाशी होते. बुरशी बियांच्या टरफलावर आणि कागदावर जाळ्यासारखी पसरते. मूळ माती खात नाही, पाणी पितं, हे दाखवायला याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही, कारण इथे मातीच नाही, आणि तरी मूळ वाढतंय.

त्याच डबीत पुढची गंमतही करता येते. कागद ओला, घट्ट बसलेला असेल तर डबी उभी करून ठेवा, मुळं खाली गेली की एका कुशीवर फिरवा. दुसऱ्या दिवशी मुळांची टोकं पुन्हा खाली वळलेली असतात. खाली कुठे हे मुळाच्या टोकाला कळतं, असं चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये मांडलं होतं. आणि सहा-सात वर्षांची मुलं असतील तर मोड आलेल्या वालाच्या किंवा घेवड्याच्या मुळावर शाईने दोन-दोन मिलिमीटरवर बारीक रेघा मारा, युलियुस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९व्या शतकात केलं तसं. दुसऱ्या दिवशी टोकाजवळच्या रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या असतात आणि वरच्या जागच्या जागी. मूळ वरून ढकललं जात नाही, ते टोकापाशी वाढतं, हे मुलं स्वतः बोट ठेवून दाखवतात.

आता तुमच्या बशीतल्या गाजराकडे येते. तो प्रयोग वाया गेला असं समजू नका. फक्त त्याचं नाव चुकलं होतं. "गाजर उगवूया" म्हटलं म्हणून मुलं गाजराची वाट बघत बसली. त्या तुकड्यावर नवं गाजर कधीच येत नाही, कारण तो तुकडा म्हणजेच गाजराचा उरलेला भाग. पानं फुटली ती त्यात साठलेल्या अन्नावर. तुकडा हातात घेऊन बघा, तो मऊ पडलेला, सुरकुतलेला असेल. म्हणजे मुळ्याच्या कुंडीत आपण शिदोरी बांधली जाताना बघतो आणि बशीत ती सुटताना. पुन्हा ठेवा, पण या वेळी मुलांना सांगा, "गाजरात झाडाने काही साठवलं होतं का ते बघूया." शेजारी गाजराची नुसती शेपटी ठेवा, वरचा भाग कापलेली. तिला पानं फुटत नाहीत, कारण कोंब असतात ते माथ्यावर. पहिल्या वेळी मुलांना चुकीचं सांगितलं गेलं असेल तर तसं त्यांना स्पष्ट सांगावं. "मला वाटलं होतं गाजर येईल, पण तसं होत नाही, का ते आपण शोधूया" असं मोठ्या माणसाने म्हटलेलं मुलांना फार आवडतं.

खोचलेल्या गाजरांबद्दलही तेच. तुमचा हेतू मायेचा होता हे मला कळतं. मुलांसाठी असा खटाटोप करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. तरी पुन्हा तसं करू नका. उपटलेल्या गाजराला बारीक तंतू नव्हते, माती चिकटलेली नव्हती, ओढताना जोर लागला नाही. मुलांना हे जाणवतं, सांगता येत नाही इतकंच. कुंडीत मुळा धरला नाही तर न धरलेला मुळाच दाखवा. दोऱ्यासारखं मूळ आणि वर गचपण पाला निघाला, तर ऊन कमी पडलं का, दाटी झाली का, खत जास्त झालं का, याचा शोध हाही धडाच आहे. जास्त खताने पाला माजतो आणि मूळ मागे राहतं, हे तुम्हालाही अनुभवाला येईल.

बटाट्याचा प्रश्न कोणीतरी काढणारच, तेव्हा तयारीत राहा. आपला "कंदमुळं" हा शब्दच दोन वेगळ्या गोष्टी शेजारी बसवतो. गाजर, मुळा, बीट, रताळं ही मुळं. बटाटा, आलं, सुरण ही जमिनीखालची खोडं. कांदा तर पानांच्या फुगलेल्या बुंध्यांचा गड्डा. मुलांना व्याख्या नको, खूण द्या: अंगावर डोळे आहेत का? बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यावर खडूने ठिपका द्यायला लावा आणि ठिपके दोऱ्याने जोडा, दोरा बटाट्याभोवती मळसूत्रासारखा फिरतो, जशी खोडावर पानं फिरत जातात. बटाट्याचे तुकडे करून मातीत लावले तर डोळ्यातून कोंब येतो. गाजराला अंगभर कुठेही डोळा नाही. रताळं मात्र ही खूण थोडी चकवतं, कारण ते मूळ असूनही त्याला कोंब फुटतात, मुख्यतः वेलाकडच्या टोकाला. हे मोठ्या मुलांसाठी राखून ठेवा. बटाटा उजेडात हिरवा होतो म्हणून तो खोड, असा पुरावा काही जण देतात. तो मी वापरत नाही, कारण मातीबाहेर डोकावणारं गाजराचं डोकंही हिरवं होतं.

सुरक्षेचं थोडक्यात: हिरवा पडलेला बटाटा, त्याचे कोंब आणि पानं तोंडात जाऊ देऊ नका, त्यात विषारी द्रव्य असतं. अळू, सुरण यांचे कच्चे कंद मुलांच्या हातात नकोतच, खाज सुटते. माती हाताळल्यावर हात धुणं आलंच.

पाण्यावरून वर्गात भांडणं होतात आणि रोपं कुजतात, कारण वीस मुलं वीसदा पाणी घालतात. झारी काढून टाका. एका मुलाची पाळी ठेवा, त्याने बोटाचं एक पेर मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तरच. मात्र पाणी कधी खूप, कधी मुळीच नाही असं झालं की मुळे तडकतात, तेव्हा सुट्टीच्या दिवसांची सोय आधी करून ठेवा.

वेळापत्रक म्हणाल तर साधारण असं बसतं: पहिल्या दिवशी चित्रं आणि पेरणी, त्याच आठवड्यात डबीतली मुळं आणि बशीतलं गाजर, दुसऱ्या आठवड्यात विरळणी आणि "झाड एवढे दिवस काय करत होतं" हा प्रश्न, तिसऱ्यात बटाट्याचे डोळे, चौथ्याच्या शेवटी उपटणी आणि पुन्हा चित्रं. एखादी गोष्ट राहिली तरी चालेल. बघायची ओळ मात्र सोडू नका.

उपटणीच्या दिवशी प्रत्येक मुलाने स्वतःचा मुळा स्वतः उपटावा, आणि दोन मुळे मात्र कुंडीतच राहू द्यावेत. त्यांना पाणी घालत राहा. काही आठवड्यांत मधून उंच दांडा निघेल, पांढरी-जांभळट फुलं येतील, मग शेंगा, ज्यांना आपण डिंगऱ्या म्हणतो. बिया भरल्यावर ते झाड उपटून पाहा. खालचा गोळा दोरखंडासारखा चिवट, आतून पोकळ झालेला सापडेल. साठवलं होतं ते फुलांना आणि बियांना गेलं. गाजर, बीट यांना हे करायला बहुधा दुसरं वर्ष लागतं, मुळ्याच्या या छोट्या जाती ते एकाच हंगामात करून दाखवतात. एका शेंगेतल्या बिया मुलांना मोजायला द्या.

आणि त्या मुलीला बोलावून भिंतीवरच्या कागदांच्या ओळीपाशी उभं करा, दोऱ्यापासून गोळ्यापर्यंत. तिचाच प्रश्न तिला परत विचारा: मातीत मुळा कोणी ठेवला? माझ्याकडे अशाच एका मुलाने बराच वेळ बघून पानांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "यांनी. रोज थोडा थोडा."